वैरातून प्रेम, तेही अमानवी जगात: पॅरानॉर्मल रोमान्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी जिवावर उठलेले आणि मग एकमेकांसाठी जीव टाकणारे दोघं, म्हणजेच एनिमीज टू लव्हर्स, हा प्रेमकथेतला माझा सर्वांत आवडता साचा. त्यात व्हॅम्पायर, वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारी माणसं), चेटकिणी किंवा शापित सरदार आले की मी वेळकाळ विसरून वाचते. म्हणूनच या प्रकारातलं फसलेलं पुस्तक मला जास्त टोचतं. अशा कादंबऱ्यांचं बळ कुठे असतं आणि त्या नेमक्या कुठे ढासळतात, याबद्दल वाचक आणि नवे लेखक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणायचं कशाला? अर्बन फँटसी वेगळी का?

कादंबरीचा कणा प्रेमकथा असावा आणि ती ज्या जगात घडते तिथे माणसापलीकडचं काहीतरी खरोखर अस्तित्वात असावं, या दोन्ही अटी लागतात. अर्बन फँटसीतही व्हॅम्पायर असतात आणि प्रेमप्रकरणंही असतात, पण तिथलं प्रेमप्रकरण काढून टाकलं तरी कथानक उभं राहतं. पॅरानॉर्मल रोमान्समधून ते काढलं तर हातात काहीच उरत नाही. हल्ली ज्याला रोमँटसी म्हणतात त्यात बहुधा संपूर्ण वेगळं काल्पनिक राज्य, दरबार, युद्ध असतं. सीमा पुसट आहेत, पण पुस्तक उघडण्यापूर्वी एवढं माहीत असलेलं बरं. ‘यात लढाया कमी आणि भावना जास्त’ अशी तक्रार प्रेमकथेबद्दल होते तेव्हा दोष बहुतेकदा अपेक्षेचा असतो.

हा साचा अलीकडचा आहे का?

मुळीच नाही. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बिआट्रिस आणि बेनेडिक एकमेकांवर शब्दांचे वार करत प्रेमात पडतात. १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ने या साच्याला जी बांधणी दिली ती आजही लेखक वापरतात, तिच्याबद्दल पुढे बोलूच.

अमानवी नायकाचा उगम दुसऱ्या बाजूला आहे. १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा छापून आली आणि लोककथेतलं सुजलेलं, कबरीतून उठणारं प्रेत अचानक देखण्या उमरावाच्या वेशात उच्चभ्रू बैठकांत वावरू लागलं. १८७२ ची ‘कार्मिला’ आणि १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ यांनी भय आणि ओढ एकाच व्यक्तीत कोंबली. पण या जुन्या कथांत त्या ओढीचा शेवट विनाशातच होतो. ‘कार्मिला’ आणि ‘ड्रॅक्युला’त राक्षस मरतो, घर पुन्हा सुरक्षित होतं. प्रेमकथेने पुढचं पाऊल टाकलं: राक्षसाला मारायला आलेली व्यक्तीच त्याच्या बाजूने उभी राहिली तर? २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ आली आणि माणूस व व्हॅम्पायर यांची प्रेमकथा किशोरवयीन वाचकांपर्यंत पोचली. त्यानंतर या प्रकाराला वाचकांची कमतरता भासली नाही.

खरं वैर आणि नुसती धुसफूस, फरक कसा ओळखायचा?

मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकाचं भवितव्य या एका गोष्टीवर ठरतं. वैर खरं असेल तर दोघांपैकी एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचं खरोखरचं नुकसान असतं. तिच्या भावाला त्याच्या कुळाने मारलंय. त्याच्या टोळीची जमीन तिच्या आजीच्या मंत्राने नापीक झालीय. ती शिकारी आहे आणि तिच्या यादीत त्याचं नाव आहे. अशा ठिकाणी ‘बसून बोला म्हणजे गैरसमज मिटेल’ असं म्हणता येत नाही. बोललं तर उलट जखम आणखी उघडी पडते.

याउलट, तो पहिल्या भेटीत उद्धट बोलला, तिने त्याला टोमणा मारला, मग पन्नास पानं दोघं एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात, ही धुसफूस झाली. धुसफुशीवरही गोड कादंबरी लिहिता येते, पण मलपृष्ठावर ‘जन्माचे वैरी’ असं छापून आत तेवढंच दिलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते योग्यच आहे. प्रतिस्पर्धी हा तिसरा प्रकार. दोघांना एकच गोष्ट हवी आहे, गादी म्हणा किंवा एखादं जादुई शस्त्र, पण एकमेकांबद्दल द्वेष असेलच असं नाही.

तपासायची एक सोपी रीत आहे. पहिल्या पाव भागानंतर थांबून स्वतःला विचारा, नायिका त्याचा द्वेष का करते ते एका वाक्यात सांगता येतं का? ते वाक्य त्याच्या स्वभावाबद्दल असेल (‘तो गर्विष्ठ आहे’) तर वैर पातळ आहे. ते त्याच्या कृतीबद्दल असेल (‘त्याने दार आतून लावलं आणि माझी माणसं बाहेर मेली’) तर पुस्तकात दम असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते कृत्य त्याने खरोखर केलेलं असेल तर उत्तमच. शेवटी ‘ते त्याने केलंच नव्हतं, त्याच्या दुष्ट भावाने केलं होतं’ असा खुलासा येतो तेव्हा तीनशे पानांचा ताण एका परिच्छेदात वाया जातो. क्षमा करायला काही उरतच नाही.

साध्या प्रेमकथेत नसलेलं असं काय अद्भुतामुळे मिळतं?

वैराला वजन मिळतं. आजच्या काळात बेतलेल्या वास्तववादी प्रेमकथेत दोन सज्ञान माणसांनी एकमेकांचा जीव घ्यावा इतकं कारण सापडणं कठीण असतं. सापडलं तर ती गुन्हेगारी कादंबरी होते. अमानवी जगात दोन जमातींमध्ये सहाशे वर्षांचं युद्ध असू शकतं, आणि त्या युद्धात लढलेला माणूस अजून जिवंत असू शकतो. वारशाने आलेलं वैर आणि प्रत्यक्ष भोगलेलं वैर समोरासमोर उभं करता येतं: तिने ते गोष्टींत ऐकलंय, त्याने ते रणांगणावर पाहिलंय. ही सोय दुसऱ्या कुठल्या प्रकारात इतक्या सहज मिळत नाही.

दुसरा फायदा शरीराचा. लपवता न येणारी शरीरं या कथांत असतात. वेअरवुल्फला समोरच्याच्या घामातली भीती कळते, व्हॅम्पायरला ठोक्यांचा वेग ऐकू येतो. म्हणजे तोंडाने ‘मला तुझी घृणा वाटते’ म्हणणारी नायिका खोटं बोलतेय हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही माहीत असतं. चांगला लेखक यातून असा प्रसंग उभा करतो की दोन ओळींच्या संवादावर वाचक पाच मिनिटं रेंगाळतो. तो हे ज्ञान तिच्याविरुद्ध वापरत नाही, गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यातून त्याचा स्वभाव कळतो.

पण अद्भुताची हीच शक्ती लेखकाला आळशीही बनवते. अद्भुताचं काम वैर खरं आणि प्रेम अवघड करण्याचं. प्रेम सोपं करण्यासाठी ते वापरलं की कादंबरी कोसळते. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

द्वेषातून प्रेमाकडे वळण कुठे यावं?

पानांचा हिशेब कुणी ठरवून दिलेला नाही, पण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची रचना पाहण्यासारखी आहे. एकूण ६१ प्रकरणं. नायक डार्सी पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ती ३४ व्या प्रकरणात, साधारण मध्यावर, आणि नायिका एलिझाबेथ त्याला झिडकारते. पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र येतं आणि तिला काही आरोप मागे घ्यावे लागतात. पण ती लगेच प्रेमात पडत नाही. त्यानंतर तो तिच्या कुटुंबाची अब्रू वाचवतो, तेही तिला कळू न देता. म्हणजे क्रम असा: भावना उघड झाली, नकार मिळाला, माहिती बदलली, वागणं बदललं, आणि मग कुठे मन बदललं.

फसलेल्या पुस्तकांत मधल्या दोन पायऱ्या गायब असतात. द्वेष, मग एकाच खोलीत अडकणं, मग चुंबन, मग प्रेम. चुंबन लवकर येण्याबद्दल माझी तक्रार नाही. शारीरिक ओढ द्वेषाच्या शेजारी सुखाने नांदू शकते आणि तो विरोधाभास या साच्याचा मोठा आनंद आहे. तक्रार आहे ती चुंबनानंतर द्वेषाचं कारणच विसरलं जाण्याबद्दल. काल जिच्या गावाला त्याने आग लावली ती आज त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपते आणि गावाचा विषय पुढे कधीच निघत नाही, असं झालं की नायिका मला अनोळखी वाटू लागते.

मला मधली एक पायरी फार प्रिय आहे: नाइलाजाने वाटणारा आदर. ती त्याला अजून शत्रूच मानते, पण लढाईत पाठ कुणाकडे करायची हे ठरवताना ती त्याच्याकडे करते. तिथे ‘प्रेम’ हा शब्दही नसतो. या पायरीवर लेखक जितका वेळ थांबेल तितकी पुढची कबुली भारी पडते. स्लो बर्न, म्हणजे हळूहळू पेटत जाणारं प्रेम, आवडणारे वाचक या टप्प्यासाठीच पुस्तक हातात घेतात. मात्र स्लो बर्न म्हणजे काहीच न घडणं नव्हे. प्रत्येक प्रसंगानंतर दोघांतलं अंतर थोडं तरी हलायला हवं, पुढे किंवा मागे.

‘फेटेड मेट्स’ हे बळ की पळवाट?

नियतीने, चंद्राने किंवा रक्ताने दोघांना आधीच जोडीदार ठरवलेलं असतं, ही कल्पना वेअरवुल्फ कथांत तर जवळपास गृहीतच धरली जाते. वैराच्या साच्यात ती आली की दोन शक्यता असतात.

पहिली शक्यता सुंदर आहे. बंध जुळल्याचं कळतं तेच मुळी चुकीच्या क्षणी: तिचा सुरा त्याच्या गळ्यावर असताना. आता दोघांनाही हा बंध नको आहे. शरीर ओढतंय, मन नाकारतंय, आणि आपल्याला जे वाटतंय ते आपलं स्वतःचं की बंधाचं, हा प्रश्न दोघांना छळतो. या प्रश्नाचं उत्तर द्यायला लेखकाला कष्ट पडतात. काही जण बंध तोडायचा मार्ग कथेत ठेवतात, तो तुटतोही, आणि त्यानंतर दोघं मोकळेपणाने पुन्हा एकमेकांना निवडतात. हा प्रसंग नीट लिहिला असेल तर मी दरवेळी हेलावते.

दुसरी शक्यता म्हणजे पळवाट. बंध जुळला, द्वेष विरघळला, मागचं सगळं माफ. लेखकाने दोनशे पानं उभारलेली भिंत एका जादूने पाडली. वाचकाला हवा असतो तो भिंत पाडण्याचा प्रवास. शिवाय बंधामुळे नायकाच्या वागण्याला सबबही मिळते: तो मत्सराने पेटून दुसऱ्या पुरुषाचा हात मोडतो आणि सगळी पात्रं ‘बंध नवा आहे ना, समजून घे’ म्हणतात. इथे पुस्तक त्याच्या बाजूने बोलतंय, की नायिकेला रागावायला जागा देतंय, हे पाहावं.

संमोहन, रक्ताचा बंध, मनावर ताबा: यात संमतीचं काय?

मनात शिरू शकणारा किंवा इच्छा वाकवू शकणारा नायक असेल तर प्रेमकथेला एक अट पाळावीच लागते: तिच्या ‘हो’वर वाचकाचा विश्वास बसला पाहिजे. नायिकेवर संमोहन चालतच नाही, अशी तजवीज काही लेखक करतात. सोपी आहे, चालून जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच्याकडे शक्ती आहे, ती तिच्यावर चालते, एकदा त्याने ती शत्रू म्हणून वापरलीही आहे, आणि म्हणूनच पुढे ती न वापरणं हा त्याचा रोजचा निर्णय ठरतो.

आश्चर्य वाटेल, पण ब्युमाँ या फ्रेंच लेखिकेच्या १७५६ सालच्या ‘ब्युटी अँड द बीस्ट’मध्ये याची जाण दिसते. बीस्ट तिला रोज रात्री विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती रोज नाही म्हणते. तो दुःखी होतो, पण नकार मान्य करतो. ती त्याच्या महालात अडकलेली आहे, म्हणजे गोष्ट निर्दोष नाहीच, तरी ‘नाही’ या शब्दाला तिथे किंमत आहे. इतक्या जुन्या परीकथेला जे सुचलं ते आजच्या काही जाडजूड कादंबऱ्यांना सुचत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

डार्क रोमान्स हा वेगळा, जाणीवपूर्वक अस्वस्थ करणारा प्रकार आहे. तिथे वाचक सूचना वाचून, ठरवून आत शिरतो. माझा आक्षेप त्याला नाही. आक्षेप आहे तो गोड वेष्टनात जबरदस्ती देऊन तिला प्रेमाची पराकाष्ठा म्हणणाऱ्या पुस्तकांना.

नायिका नायकाच्या कैदेत असेल तर त्याला प्रेमकथा म्हणावं का?

या प्रश्नासोबत ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्द हमखास येतो. १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोममधल्या एका बँकेत दरोडेखोराने चौघांना सहा दिवस ओलीस ठेवलं, आणि त्यातल्या काहींना पोलिसांपेक्षा तो जवळचा वाटू लागला, त्यावरून हे नाव पडलं. मानसिक आजारांच्या डीएसएम या प्रमाण सूचीत ते निदान म्हणून नाही, त्यामुळे कादंबरीवर हा शिक्का मारण्यापेक्षा कथेतली सत्ता कुणाकडे आहे ते पाहणं जास्त उपयोगी.

कैदेतून सुरू होणारी कथा तरते ती दार उघडल्यावर. प्रेमाची कबुली येण्याआधी नायिकेला सुटका मिळाली पाहिजे, जायला खरी जागा असली पाहिजे, आणि ती तिथे गेलीही पाहिजे. परत यायचं की नाही हे तिने तिथून ठरवावं. साखळी काढण्यापूर्वीच ‘मला तुझ्यावर प्रेम आहे’ आलं तर त्या वाक्यावर विश्वास ठेवायला मला काहीच आधार सापडत नाही. कधी कधी सत्ता उलटते, कैदी तो होतो आणि पहारेकरी ती. दोघांनी दोन्ही बाजू भोगल्या की हिशेब बराच सरळ होतो.

भीती आणि आकर्षण यांची सरमिसळ खरंच होते का?

होऊ शकते. १९७४ मध्ये डटन आणि आरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो इथल्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर एक गाजलेला प्रयोग केला. त्या पुलावर भेटलेल्या संशोधक तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष, स्थिर आणि कमी उंचीच्या पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त निघाले. शरीराची धडधड भीतीची होती, मनाने तिला दुसरं नाव दिलं असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पाठलाग आणि लढाईनंतर लगेच येणारं चुंबन वाचकाला पटतं ते याच कारणाने. पण धडधड ओसरल्यावर काय उरतं, हे पुढच्या प्रकरणात दिसायला हवं.

नायक ‘अल्फा’ असायलाच हवा का?

नाही. ‘लांडग्यांत असंच असतं’ हे समर्थन तर सोडूनच द्यावं. टोळीत मारामारी करून वर चढणारा अल्फा, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासावरून पसरली, आणि तो अभ्यास बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा होता. ती लोकप्रिय करण्यात डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातली टोळी बहुधा एक कुटुंब असते, आई, बाप आणि त्यांची पिल्लं, आणि पुढारी म्हणजे आईबापच.

कादंबरीला जीवशास्त्र पाळायची सक्ती नाही, हे मान्य. पण लेखकाने ही दुसरी कल्पना घेतली तर वैराची कथा किती बदलते पाहा. टोळीचा प्रमुख गुरगुरणारा हुकूमशहा न राहता ज्याच्यावर लहानथोरांची जबाबदारी आहे असा माणूस होतो, आणि शत्रूच्या प्रेमात पडल्याने त्याचं काय पणाला लागतं ते आपोआप स्पष्ट होतं.

तो चारशे वर्षांचा, ती पंचवीस वर्षांची. हे खटकतं.

खटकायलाच हवं, आणि चांगलं पुस्तक ते खटकू देतं. चारशे वर्षं जगलेल्या व्यक्तीच्या बोलण्यात, थकव्यात, दुःखात ते वय दिसलं पाहिजे. तो वागायला विशीतला आणि अनुभवाने फक्त श्रीमंत असेल तर वय ही केवळ सजावट झाली. वैराच्या कथेत याची एक जमेची बाजू आहे: तिच्याकडे त्याच्याविरुद्ध काहीतरी ताकद असते. विद्यार्थिनी आणि गुरू यांच्यापेक्षा शिकारी आणि सावज यांच्यात समतोल साधणं सोपं जातं, कारण कोण कुणाचं सावज हे उघड ठरलेलं नसतं.

लेखकाने दंतकथांचे नियम पाळायला हवेत का?

दंतकथांचे नाही, स्वतःचे पाळावेत. ‘खरे’ नियम असे काही नसतातच. स्टोकरच्या मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती मर्यादित होतात. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो हे पडद्यावर आणलं १९२२ च्या ‘नॉस्फेरातू’ या मूकपटाने. पुढे ते इतकं रुळलं की प्राचीन वाटू लागलं. तेव्हा ‘व्हॅम्पायर असे नसतात’ हा आक्षेप मी कधी घेत नाही.

‘या पुस्तकातला व्हॅम्पायर तिसऱ्या प्रकरणात असा नव्हता’ हा आक्षेप मात्र जरूर घेते. शंभर पानांपूर्वी जी जखम प्राणघातक सांगितली ती नायकाला झाल्यावर दोन दिवसांत भरली, तर पुढच्या कुठल्याच लढाईत माझा श्वास अडकत नाही. माहितीच्या ओझ्याचाही प्रश्न असतो. सात जमाती, चार परिषदा आणि एक प्राचीन करार हे सगळं पहिल्या दोन प्रकरणांत सांगितलं की वैर माणसांचं न राहता इतिहासाच्या पुस्तकाचं होतं. वाचकाला सुरुवातीला एवढंच कळलं तरी पुरतं की या दोघांनी एकत्र दिसणं का चालत नाही.

दोघांच्याही तोंडून कथा सांगितली तर चांगलं का?

आलटून-पालटून निवेदनाचा फायदा उघड आहे: एकच अपमान दोन बाजूंनी दिसतो, आणि ‘तिने तसं का केलं’ हे वाचकाला त्याच्याआधी कळतं. तोटा असा की त्याचं मन दुसऱ्याच प्रकरणात उघडं पडलं, तो आतून पाघळलेला आहे हे कळलं, की धोका संपतो. म्हणून काही उत्तम कादंबऱ्या बराच काळ फक्त तिच्या डोळ्यांनी चालतात. दोन निवेदनं ठेवायचीच असतील तर आवाज वेगळे हवेत. प्रकरणाच्या वरचं नाव झाकून कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर दुसरं निवेदन कशासाठी होतं हा प्रश्न पडतो.

शेवटाआधीची ताटातूट इतकी कंटाळवाणी का होते?

बहुतेकदा तिथे नवं भांडण बाहेरून आणलेलं असतं. चोरून ऐकलेलं अर्धं वाक्य, न सांगितलेलं एक रहस्य, आणि दोघं दुरावतात. पण वैराच्या कथेकडे ताटातुटीचं कारण पहिल्या पानापासून तयार असतं! मूळ जखम पुन्हा उघडली पाहिजे. तिची माणसं त्याच्या माणसांवर चालून येतात आणि दोघांना बाजू निवडावी लागते. तिने आपल्यांना निवडलं तर मी तिला दोष देणार नाही, वाचकांनीही देऊ नये.

आणि मग माफी. या प्रकारात माफीचे प्रसंग फार घाईने उरकतात. त्याने काय केलं ते नाव घेऊन बोलावं, सबब सांगू नये, आणि भरपाई म्हणून असं काही करावं ज्यात त्याचं खरंच काही जातं: पद, शक्ती, कुळातलं स्थान. जखमी होऊन तिच्या मांडीवर कोसळणं ही माफी नव्हे. तिथे तिला दया येते, आणि हिशेब तसाच राहतो.

शेवट गोडच हवा?

प्रेमकथा म्हणून विकलं जात असेल तर हो. अमेरिकेतली रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही १९८० साली स्थापन झालेली लेखकसंघटना रोमान्सची व्याख्या दोन गोष्टींवर करते: केंद्रस्थानी प्रेमकथा, आणि भावनिक समाधान देणारा आशादायी शेवट. वाचकांनीही तो करार मानलेला आहे. माझी कुरकुर वेगळी आहे. दोघं एकत्र आले, पण दोन जमातींचं काय झालं? युद्ध चालूच असेल आणि ही दोघं डोंगरावरच्या घरात सुखी असतील, तर शेवट अर्धाच झाला.

पहिल्या भागात प्रेम पूर्णच होत नाही, पुढचा भाग घ्यावा लागतो. हे योग्य आहे का?

एकाच जोडीची कथा दोन-तीन भागांत नेणं वैराच्या साच्याला मानवतं, कारण वेळ मिळतो. पण प्रत्येक भागाचा स्वतःचा एक निकाल हवा. पहिल्या भागाअखेर निदान शत्रू हे मित्र झाले किंवा मित्र पुन्हा शत्रू झाले, असं काहीतरी घडून संपलं पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तोडून पुढच्या पुस्तकाची वाट पाहायला लावणं मला वाचकाशी अप्रामाणिकपणा वाटतो. ही माहिती आधीच, ठळक दिलेली असेल तर गोष्ट वेगळी.

अशा कादंबरीवर अभिप्राय लिहिताना काय सांगावं?

‘आवडलं’ किंवा ‘तारे दोन’ यापेक्षा वैराचं कारण काय आहे आणि ते कितपत टिकतं हे लिहा. त्यातून कथानक न फोडताही खूप कळतं. प्रणयदृश्यं किती आणि किती उघड आहेत, हिंसा, कैद, मनावर ताबा यांतलं काय काय आहे, तेही सांगा. एखाद्या वाचकासाठी तीच माहिती पुस्तक घेण्याचं कारण असते आणि दुसऱ्यासाठी टाळण्याचं. स्वतःची आवड आणि पुस्तकातला दोष यांची गल्लत करू नका. मला संथ कथा आवडते, म्हणून वेगवान पुस्तक वाईट ठरत नाही. पण द्वेषाचं कारण लेखक विसरला असेल तर तो दोष आहे, आणि तो स्पष्ट लिहावा. हा प्रकार हलका समजून त्याला मोजमाप लावायचं नाही, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्यावर प्रेम आहे त्याचं नीट वाचन व्हायला हवं.

नमुना प्रकरणं वाचून पुस्तक घ्यायचं की नाही ते कसं ठरवू?

दोघांची पहिली भेट शोधा. त्या भेटीत कुणी काही गमावतं का, की फक्त डोळ्यांचा रंग आणि खांद्यांची रुंदी कळते? नायिकेला त्याच्याशी संबंध नसलेलं काही काम, हट्ट, एखादं माणूस आहे का? तो क्रूर असेल तर कुणाशी क्रूर आहे? आपल्याहून दुबळ्यांना छळणाऱ्या नायकाला, पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी, मला परत जिंकता आलेलं नाही. आपल्या बरोबरीच्या शत्रूशी निष्ठुर असलेला मात्र अनेकदा जिंकतो. संवादही पाहा. दोघं एकमेकांच्या वाक्यातला शब्द पकडून उलट फेकत असतील, म्हणजे द्वेष करतानाही एकमेकांचं नीट ऐकत असतील, तर मी पुस्तक घेते आणि त्या रात्री दुसरं काही ठरवत नाही.